आंब्याच्या डाळीत गेलेली पाइपलाइन

सांगूनच टाकते. आमच्या शेताची पाइपलाइन मी एकदा धुतली, भिजवली, कैरी घालून वाटली, वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना खायला घातली. बायकांनी बोटं चाटून खाल्ली. एकीनं तर कृती विचारून घेतली.

तेव्हा मी लहान होते. चौसष्ट वर्षांची. आता सदुसष्टाव्या वर्षी त्या पोरीकडं मागं वळून बघते तर हसू येतं. काय तो तोरा! घर म्हणजे लखलखीत फरशी आणि आठवण म्हणजे कागदावर लिहिलेली ओळ, याच्यापलीकडं तिची अक्कल जात नव्हती. सामानाच्या याद्या ती एका वहीत लिहायची, ती वही कुठं ठेवली ते दुसऱ्या वहीत लिहायची, आणि दुसरी वही घरभर शोधत हिंडायची. डब्यांच्या झाकणांवर चिठ्ठ्या. साखरेवर "साखर", मिठावर "मीठ". एकदा घासताना झाकणं अदलाबदल झाली आणि पाव्हण्यांना खारट चहा गेला, तरी हिचं म्हणणं, मी वाचून घातलंय, चूक माझी कशी?

माझ्या सासूबाई काम लक्षात ठेवायला पदराला गाठ मारायच्या. एक गाठ दळणाची, एक शेजारी ताक द्यायची. काम झालं की गाठ सोडायची. मी बी.ए. झालेली सून, मला त्याचं फार हसू यायचं. त्यांची एक गाठ कधी चुकली नाही. माझी पहिली वही लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात बंबात गेली.

पण पाइपलाइनीचं थोडं मागून सांगायला हवं, नाहीतर वाटेल बाईला ऊन लागलं.

आमचे हे इथं शहरात सरकारी कचेरीत नोकरीला, पण जीव सगळा कन्नड गावाच्या पुढच्या सात एकरांत. शनिवारी कचेरी सुटली की परस्पर एसटी पकडायची, आणि रविवारी संध्याकाळी बुटांत माती आणि पिशवीत वांगी घेऊन गारखेड्यातल्या घरी परत. विहीर खाली ओढ्याकडं, मोसंबीची बाग वर चढाला. विहिरीचं पाणी वर चढवायला यांनी आणि माझ्या थोरल्या दिरांनी मिळून जमिनीतून पाइपलाइन पुरली, त्याला आता तीसेक वर्षं झाली. पाइप पुरले तेव्हा एकदा मीही गेले होते. नव्या, उंच टाचांच्या चपला घालून, नांगरलेल्या रानात! आंब्याखाली मासिक वाचत बसले. दोघं भाऊ कमरेएवढ्या चरात उतरून पाइप जोडत होते. डबा उघडताना मी शहाणपणानं विचारलं, "नकाशा काढून ठेवलाय का याचा?"

"कशाला? मला ठाऊक आहे ना," हे म्हणाले.

धोब्याकडं गेलेले अभ्रेसुद्धा लिहून ठेवणाऱ्या बाईनं त्या दिवशी पर्समधलं पेन बाहेर काढलं नाही. मासिकातली गोष्ट रंगात आली होती.

पुढं नोकरी संपली. दीर गेले. शेत दिरांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, बघायला लागला. आणि यांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं ते मी वहीत लिहिलं. एक गंमत मात्र मी रोज बघत होते आणि कुठंच लिहीत नव्हते. किल्ली कुठं आहे, विचारलं तर यांना सांगता यायचं नाही. पण दारापाशी गेले की हात आपला आपण चौकटीवर जायचा आणि किल्ली घेऊन खाली यायचा. चहात साखर घातली का, आठवायचं नाही, पण चमचा बशीत डाव्या अंगाला दिसला की म्हणायचे, "घातली." साखर घातली की चमचा डावीकडं ठेवायची त्यांची जुनी सवय. म्हणजे डोकं विसरलं तरी बशी विसरत नव्हती.

त्या चैत्रात पुतण्याचा फोन आला.

"काकू, काकांना द्या बरं फोन. वरच्या बागेत पाणी चढंना झालंय. मोटर चालू हाय, विहिरीत पाणी हाय, मधीच कायतरी अडलंय. मधी जमिनीत एक वॉल पुरल्याला हाय म्हनत व्हते बाबा, पाणी कमीजास्ती करायचा. त्योच बिघडला असंल. तेवढा घावला की झालं."

"आणि नाही घावला तर?"

"मंग जेसीबी लावून सगळी बाग उकरायची. मुळ्या तुटतेत काकू. आन् पंधरा दिवसांत पाणी नाय मिळालं तर झाडं बसलीच म्हना."

दीडशे झाडं. एकेक खड्डा यांनी स्वतः घेतलेला. मी फोन यांच्याकडं दिला.

"हो… हो… वॉल ना… आहे ना. तो आपला…" हे म्हणाले. उजवा हात वर आला, हवेत थोडा पुढं गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. पलीकडून पुतण्या "हॅलो काका, हॅलो" करतोय.

"अगं, मला माहीत आहे ते."

"मग सांगा ना त्याला."

"माहीत आहे. पण येत नाही." एवढं बोलून हे उठले आणि मोरीत जाऊन उगाच पाय धुवायला लागले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, पण माझ्यापासून तोंड लपवताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

मी काय केलं? प्रश्नपत्रिका काढली. प्रश्न एक, वॉल कुठं आहे? प्रश्न दोन, विहिरीपासून किती पावलं? खाली उत्तराला जागा सोडली, पेन दिलं आणि म्हटलं, "निवांत आठवून लिहा." तासाभरानं कागद बघितला. वर त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं, आणि तळाशी सही केली होती. कचेरीतला माणूस. मधली सगळी जागा कोरी.

आमची नात तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, कॉलेजसाठी आमच्याकडंच राहायची. तिनं मोबाइलवर आमच्या शेताचा आकाशातून काढलेला फोटो यांना दाखवला. यांनी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाले, "छान हिरवं आहे. कुणाचं आहे?"

मोबाइल ठेवून ती माझ्याजवळ ओट्यापाशी आली. "आज्जी, मी माझा प्रोजेक्ट आबांसाठी करू का?"

तिचा प्रोजेक्ट म्हणजे हातात धरता येईल असा कॉम्प्युटर, असं ती कधीपासून सांगत होती.

"म्हणजे मोबाइलच की," मी म्हटलं.

"नाही गं. मोबाइलवर सगळं काचेच्या आत. बोट फिरवलं तर विहीरपण गुळगुळीत आणि आंबापण गुळगुळीत. हाताला काही कळतच नाही. माझ्यात खऱ्या वस्तू उचलायच्या, ठेवायच्या, आणि कुठं काय ठेवलं ते कॉम्प्युटर लक्षात ठेवणार."

"उचलायचं ठेवायचं तर मी जन्मभर करतेय. त्यात कसलं इंजिनिअरिंग?"

"तेच तर! तू मेथी निवडतेस. निवडलेली इकडं, राहिलेली तिकडं. मध्ये दारावर कुणी आलं तरी परत आल्यावर तुला कळतं कुठपर्यंत आली होतीस. ते तू लक्षात ठेवत नाहीस, ताट ठेवतं."

"म्हणजे मी बिनडोक."

"अगं बाई! तुझं डोकं ताटापर्यंत पोचतं म्हणतेय मी."

हे मला तेव्हा पटलं नाही. स्तुती आहे की काय आहे, तेच कळेना.

तिनं बैठकीतला माझा काचेचा टीपॉय ताब्यात घेतला. वरचं क्रोशाचं कव्हर गेलं. खाली, काचेकडं तोंड करून, एक छोटा कॅमेरा बसला. वायर लॅपटॉपला. कॉलेजात तिनं प्लॅस्टिकचे ठोकळे बनवून आणले होते, एक विहीर, एक झाड, एक खोली, आणि प्रत्येकाच्या बुडाला काळा-पांढरा चौकोनी स्टिकर. ठोकळा काचेवर ठेवला की खालून कॅमेऱ्याला स्टिकर दिसायचा आणि लॅपटॉपवर, त्या आकाशातल्या फोटोवर, विहीर उमटायची. ठोकळा सरकवला की विहीर सरकायची. मीच अर्धा तास विहीर इकडून तिकडं नेत बसले.

यांनी प्लॅस्टिकची विहीर उचलली, उलटी केली, वास घेतला. "कशाचं झाकण आहे हे?" म्हणाले आणि चहाच्या कपावर ठेवून बघितलं. नातीचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा पुतण्याचा फोन. मी स्पीकर लावला. "काकू, लाइन इहिरीपासनं सरळ गेली का वाकडी, तेवढं तरी इचारा," तो म्हणत होता. यांनी ऐकलं. ताटातली वरणाची वाटी उचलून ताटाच्या बाहेर टेबलावर ठेवली. मिठाची बरणी घेऊन तिच्या वरच्या अंगाला ठेवली.

"ही विहीर. हा आंबा," म्हणाले, आणि बोटानं एक रेघ ओढली. ती सरळ नव्हती. बरणीला वळसा घालून गेली. "मुळ्या होत्या," म्हणाले.

नातीचा घास हातात राहिला. "आबा, मग पुढं?"

पुढं मी मध्ये पडले. "अहो, वरण निवतंय, आधी जेवून घ्या," म्हणून मी वाटी परत ताटात ठेवली. विहीर गेली तसं सगळंच गेलं. हे निमूट भात कालवायला लागले. नात मला काही बोलली नाही. तिच्या आईनं वळण चांगलं लावलंय.

त्याच दुपारी तिनं प्लॅस्टिकचे ठोकळे पिशवीत भरले आणि घरातल्या वस्तू काढल्या. माझ्या लग्नातली पितळी वाटी, काड्यापेटी, औषधाची रिकामी बाटली, आणि हरभऱ्याच्या डाळीचा अख्खा डबा. सगळं खिडकीपाशी फरशीवर यांच्यापुढं ठेवलं. "टीपॉयचं नंतर बघू. आधी त्यांना बसतील तिथं मांडू दे. आणि आज्जी, कशालाही हात लावू नकोस, हं?"

"नाही गं बाई."

हे दोन दिवस मांडत होते. वाटी म्हणजे विहीर, काड्यापेटी म्हणजे मोटरची खोली, बाटली म्हणजे आंबा. आणि डाळीचा एकेक दाणा चिमटीनं ठेवत पाइपलाइन. चार दाणे ठेवायचे, दोन उचलायचे. मध्येच डोळे मिटून बसायचे. कुणी बोललं की थांबायचे, म्हणून नातीनं त्यांच्याशी बोलणंही बंद केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेला जाताना तिनं मोबाइलवर एक फोटो काढला. तोवर लाइन आंब्यापर्यंतच गेली होती.

आणि तिसरा दिवस म्हणजे माझ्या हळदीकुंकवाचा. त्यातच नेमकं त्या दिवशी नळाला पाणी आलं. गारखेड्यात नळाला पाणी येतं त्या दिवशी बाई देवाचीसुद्धा नसते. टाक्या भरा, पिंपं भरा, फरशी धुऊन घ्या, पन्ह्याला कैऱ्या उकडा, ओटीचे हरभरे भिजले का बघा. दुपारी बाराच्या सुमाराला हे फरशीवरून उठले, गुडघा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "झालं."

"काय झालं?" मी ओट्यापाशी.

"झालं," पुन्हा म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

मी बाहेर आले तर खिडकीपासून सोफ्यापर्यंत डाळच डाळ. मध्ये माझी वाटी, औषधाची बाटली, कुठंतरी एक सुपारी. दोन तासांत बायका येणार. खरं कारण सांगू? अन्न पायदळी जातंय असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण आतून मला लाज वाटली. यांची. आलेल्या बायका बघतील, म्हणतील, बिचाऱ्याचं पोरगं झालंय, फरशीवर खेळतो. मी डाळ गोळा केली, कपाळाला लावली, धुतली आणि आंब्याच्या डाळीसाठी सकाळीच भिजत घातलेल्या डाळीत टाकली. तशी ती मूठभर कमीच पडत होती. वाटी घासून त्यात कुंकू काढलं. पुरं झालेलं शेत बघणारी मी एकटीच होते, आणि मी ते बघितलंच नाही.

उशिरा भिजलेली डाळ जरा कच्ची राहते. "कुठं कुठं कचकचतंय, पण चव छान आहे," एक म्हणाली.

शेवटच्या दोघी पन्हं पीत असताना नात आली. उंबऱ्यातूनच तिनं फरशी बघितली.

"आज्जी, शेत कुठंय?"

"कसलं गं शेत?" पन्हं पिणारीनं विचारलं.

"काही नाही, अभ्यासाचं आहे तिच्या," मी म्हटलं आणि तिला स्वयंपाकघरात ओढलं. तिनं विचारायच्या आत पातेल्याकडं बोट केलं. तळाशी दोन डाव डाळ उरली होती. तिनं पातेल्यात वाकून बघितलं.

"पूर्ण झालं होतं का?"

"'झालं' म्हणाले होते."

"आणि वॉल? वॉल कुठं दाखवला होता?"

मला सांगता येईना. सुपारी आठवत होती. कुठं होती ते आठवत नव्हतं. हात पुढं केला, हवेत थांबला. मोरीत जाऊन पाय का धुवावेसे वाटतात, ते मला तेव्हा कळलं.

बायका गेल्या. हे उठून बाहेर आले. फरशीकडं बघत उभे राहिले. मग सोफ्याकडं जाताना त्या रिकाम्या फरशीवर त्यांनी पाय दिला नाही. बांधावरून चालावं तसे कडेकडेनं गेले.

मग चार दिवस काही नाही. नातीनं वाटी पुढं ठेवली, डाळ ठेवली. हे हात मांडीखाली घेऊन बसायचे. पुतण्याचे फोन सुरूच. "पानं वळायला लागली काकू." शेवटी त्यानं जेसीबीवाल्याला सोमवारचा सांगावा धाडला. शनिवारी मी नातीला म्हटलं, "तुझे ते स्टिकर माझ्या वाटीला लाव. बाटलीला, काड्यापेटीलाही. आज मी मांडते."

"तुला येतं?"

"नाही ना. म्हणूनच."

माणूस आठवायचं विसरेल. बायको चुकतेय हे दिसल्यावर तिची चूक दाखवायचं नवरा विसरत नाही. एवढा अनुभव माझ्या गाठीला होता. मी टीपॉयशी बसले, यांना समोर बसवलं आणि वाटी ठेवली ती पार वरच्या कोपऱ्यात. "ही विहीर." बाटली तिच्या खाली. "हा आंबा." काड्यापेटी दुसऱ्याच टोकाला. आणि मोठ्या तोऱ्यात डाळीची एक सरळसोट रेघ ओढली.

यांच्या भुवया हलल्या. "ते तिथं नाही."

"तिथंच आहे. मी आलेय की शेतावर. मला नका शिकवू."

"विहीर खाली आहे."

"वर आहे. मी डोळ्यांनी बघितलीय."

"तू काय बघितलंस?" हे एकदम म्हणाले. "तू मासिक वाचत होतीस."

माझ्या हातातली डाळ काचेवर सांडली. सुनेचं नाव आठवत नव्हतं या माणसाला. आणि तीस वर्षांपूर्वी मी आंब्याखाली काय करत होते, ते त्यांना डाळीच्या रेघेत सापडलं.

त्यांनी माझा हात धरून बाजूला केला, आणि वाटी उचलून खाली, त्यांच्या पोटापाशी ठेवली. बाटली वर सरकवली. काड्यापेटी वाटीला लावून. मग डाळ. आंब्याला वळसा, पुढं चढ, तिथं दाणे जवळजवळ ठेवले. "इथं दोन पाइप," म्हणाले, "मुरूम लागला होता." लॅपटॉपवर त्यांचं एकेक ठेवणं, कॅमेऱ्याला खालून दिसणारे डाळीचे दाणेसुद्धा, त्या आकाशातल्या फोटोवर उमटत होतं. नात हळूच फोटो ताणत, फिरवत होती. वाटी खऱ्या विहिरीवर बसली, बाटली खऱ्या आंब्यावर, काड्यापेटी मोटरच्या खोलीवर. तिन्ही जुळल्यावर मधली वाट आपोआप जमिनीवर पडली. आधी ज्याला "कुणाचं आहे" म्हणाले होते, त्याच फोटोवर त्यांची डाळ वळणं घेत चालली होती आणि त्यांनी एकदाही लॅपटॉपकडं बघितलं नाही. त्यांचं सगळं चित्त बोटांत होतं.

शेवटी त्यांनी मला म्हटलं, "सुपारी."

मी पानाच्या डब्यातून सुपारी दिली. ती त्यांनी दोनदा ठेवली, दोनदा उचलली. तिसऱ्यांदा ठेवून बोट वर दाबून धरलं. "दगड आहे. चपटा. त्याच्याखाली."

नातीनं पुतण्याला फोन लावला आणि तो ठिपका त्याच्या मोबाइलवर धाडला. पहिल्या खड्ड्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. "आबांची सुपारी मोठी आहे ना," नात म्हणाली, "सुपारीएवढा फरक म्हणजे रानात चार पावलं. काका, जरा चढाकडं सरका." रविवारी सकाळी चहाच्या वेळेला पुतण्या फोनवर ओरडला, "काकू! घावला! चपटा दगड, खाली वॉल! निम्मा गच्च झालाय गंजून. लई भारी! काकांना म्हनावं, दंडवत!"

जेसीबीला नको म्हणून निरोप गेला. नवा वॉल बसला आणि चार वाजता बागेत पाणी पोचलं. पुतण्यानं पाटाच्या पाण्याचा आवाज फोनवरून ऐकवला. हे बराच वेळ फोन कानाला लावून बसले.

"कुणी सांगितलं त्याला?" मला विचारलं.

"तुम्ही."

"मी?" मग पाठ ताठ करून बसले आणि म्हणाले, "मग बरोबर असणार."

नंतर नातीनं त्या टीपॉयात आणखी एक करामत केली. वस्तू ठेवताना हे जे बोलत, ते ती त्याच वस्तूला जोडायला लागली. आता बाटली काचेवर ठेवली की यांच्याच आवाजात ऐकू येतं, "मुळ्या होत्या." त्यांना नवल वाटतं. "हा माणूस बरोबर सांगतोय," म्हणतात. क्रोशाचं कव्हर मी कपाटात ठेवून दिलंय. घरी येणारी बाई टीपॉयवरच्या पसाऱ्याकडं बघायला लागली की मी तिला सांगते, हे आमचं शेत आहे, कप खाली ठेवा.

पण पाणी आलं त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. नात मैत्रिणीकडं गेली होती. आम्ही दोघंच होतो, आणि वस्तू अजून काचेवर तशाच होत्या. मला राहवेना. मी सगळं सांगितलं: आधीची लाइन मी उचलली, बायकांना घातली, आणि अन्नाचं निमित्त होतं, खरी मला तुमची लाज वाटली. त्यांना आठवत असेल अशी माझी अपेक्षा नव्हती. आठवू नये, असंच वाटत होतं. हे काचेवरची डाळ बोटानं सारखी करत ऐकत होते. एक दाणा उचलून तोंडात टाकला, चावला. खरंच आठवत होतं की माझी समजूत काढत होते, ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. माझ्याकडं बघून ते म्हणाले,

"बरं झालं उचललीस. त्या दिवशी माझी लाइन चुकलीच होती. तुझ्या बायकांनी खाल्ली नसती, तर पाणी सगळं शेजाऱ्याच्या रानात गेलं असतं."